पासष्टीच्या आत

१९९० सालच्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीतल्या मृत्यूंवर एक छोटा लेख छापून आला. कॉलिन मॅककॉर्ड आणि हॅरॉल्ड फ्रीमन हे त्याचे लेखक. दोघंही हार्लेम हॉस्पिटलमधले सर्जन. मॅककॉर्ड यांनी त्याआधी बांगलादेशात ग्रामीण आरोग्याचं काम केलं होतं, त्यामुळे तिथले आकडे त्यांच्या परिचयाचे होते. दोघांनी हार्लेमच्या नोंदी त्या आकड्यांशेजारी ठेवल्या. निघालं ते असं: हार्लेममधल्या शंभर कृष्णवर्णीय पुरुषांपैकी वयाची पासष्टी गाठणारे साधारण चाळीस, आणि बांगलादेशातल्या शंभर पुरुषांपैकी पंचावन्न. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराच्या मधोमध, अप्पर ईस्ट साइडच्या आलिशान इमारतींपासून चालत जाता येईल अशा वस्तीतली ही गत होती.

या आकड्यांतला बारकावा बातम्यांमध्ये हरवला. बांगलादेश मागे पडत होता तो बालमृत्यूंमुळे. पाच वर्षांच्या आत तिथे खूप मुलं दगावत, पण त्यातून तरलेला माणूस बऱ्यापैकी जगे. हार्लेममध्ये मुलं वाचत होती. माणसं जात होती ती ऐन कर्तेपणात, पंचविशी ते पासष्टीच्या दरम्यान. हृदयविकार, यकृताचा सिरॉसिस, खून, कॅन्सर, अमली पदार्थ अशी कारणांची यादी होती. यातला एकही रोग अनोळखी नव्हता, आणि बहुतेकांवर काय करायचं हे हार्लेमपासून दोन-तीन मैलांवरच्या रुग्णालयांना नीट माहीत होतं.

अमर्त्य सेन यांनी पुढे हाच धागा उचलला. अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस उत्पन्नाच्या हिशेबात केरळमधल्या माणसाच्या कितीतरी पट श्रीमंत, तरी उतारवय गाठण्याची त्याची शक्यता केरळच्या माणसापेक्षा कमी, असं त्यांनी दाखवून दिलं. दरडोई उत्पन्न वाढलं की आयुष्य आपोआप वाढतं, या समजाला त्यांनी लावलेला हा सुरुंग होता. हार्लेमची एक कड कोलंबिया विद्यापीठाला लागून आहे, हे इथे सांगायला हवं. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर त्या विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. हे ड्यू बॉइस आपल्याला लवकरच पुन्हा भेटणार आहेत.

आधी आकडे. १९०० साली अमेरिकेत गोऱ्या पुरुषाचं जन्मवेळचं आयुर्मान साधारण साडेसेहेचाळीस वर्षं होतं, कृष्णवर्णीय पुरुषाचं साडेबत्तीस. म्हणजे चौदा वर्षांची दरी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती साडेआठ वर्षांच्या आसपास होती. पुढच्या वीसेक वर्षांत खून आणि एड्सचे बळी घटले आणि ती साडेचारच्या जवळपास आली. २०१९ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषाचं आयुर्मान सुमारे ७१ होतं आणि गोऱ्याचं ७६. मग कोविड आला आणि दोन वर्षांत कृष्णवर्णीय पुरुषांचा आकडा ६७ च्या घरात घसरला. २०२२ मध्ये तो ६९ पर्यंत सावरला. गोऱ्या पुरुषांचा त्या वर्षी ७५ होता.

आता ६९ म्हणजे सगळे एकोणसत्तराव्या वर्षी जातात असं नाही. विशी-तिशीत गेलेले सरासरी खाली ओढतात. साठी गाठलेल्याला पुढे बरीच वर्षं मिळू शकतात. तरीही पूर्ण पेन्शनचं वय अमेरिकेत आता ६७ आहे, आणि पहिल्या पगारापासून पेन्शनसाठी पैसे कापून घेतलेला माणूस ते हातात पडण्याआधी जाण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत बरीच जास्त, हेही खरंच आहे. पेन्शनचं वय आणखी वाढवा म्हणणारे अर्थतज्ज्ञ याबद्दल फारसं बोलत नाहीत.

मला या आकड्यांत सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची हालचाल. चौदा, साडेआठ, साडेचार, आणि मग एका साथीत पुन्हा वर. माणसाचं रक्त वीस वर्षांत बदलत नाही आणि दोन वर्षांत तर नाहीच. पण अमेरिकेत शंभर वर्षं अनेक शहाण्यासुरत्या माणसांनी सगळा दोष रक्ताला दिला, आणि त्याची सुरुवात विमा कंपनीच्या हिशेबातून झाली.

प्रुडेन्शियल ही विमा कंपनी गरिबांना आठवड्याच्या काही सेंटांवर पॉलिसी विकत असे. १८८१ मध्ये तिने ठरवलं की हप्ता तोच घ्यायचा, पण पॉलिसीधारक कृष्णवर्णीय असेल तर वारसांना रक्कम एक तृतीयांशाने कमी द्यायची. हा उघड भेदभाव म्हणून काही राज्यांनी त्याविरुद्ध कायदे केले. तेव्हा कंपनीला शास्त्रीय आधाराची गरज भासली. तो फ्रेडरिक हॉफमन या कंपनीच्या जर्मन वंशाच्या संख्याशास्त्रज्ञाने पुरवला. १८९६ मध्ये त्याने तीनशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. कृष्णवर्णीयांचा मृत्युदर जास्त आहे, याचं कारण त्यांच्या वंशात आहे, गुलामगिरीतून सुटल्यावर हा वंश हळूहळू संपणार, तेव्हा त्यांचा विमा उतरवणं आतबट्ट्याचं, असा त्याचा निष्कर्ष. कोष्टकं भरपूर होती. लोकांनी ती वाचून मान डोलावली. गंमत अशी की हाच हॉफमन पुढे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या धोक्याबद्दल आणि कॅन्सरबद्दल बरंच पुढचं आणि चांगलं लिहून गेला. कारखान्यातली धूळ माणसाला मारते हे त्याला दिसलं. गटाराकाठची खोली माणसाला मारते हे त्याच्या लक्षात आलं नाही.

ड्यू बॉइस यांनी लगेच उत्तर दिलं. युरोपातल्या कित्येक शहरांत गोऱ्यांचा मृत्युदर अमेरिकेतल्या शहरी कृष्णवर्णीयांइतका किंवा त्याहून जास्त आहे, मग तेही वंश म्हणून नष्ट होणार का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. १८९६-९७ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघरी जाऊन पाहणी केली: किती खोल्या, किती माणसं, संडास कुठे, भाडं किती, काम काय. १८९९ मध्ये तिचं पुस्तक झालं. त्याच वर्षी अटलांटात त्यांचा दीड वर्षाचा मुलगा घटसर्पाने गेला.

रक्ताची गोष्ट मात्र मेली नाही, ती कपडे बदलून येत राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती रक्तदाबाच्या रूपाने आली. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये उच्च रक्तदाब फार, आणि त्यातून पक्षाघात, हृदय आणि किडनी निकामी होणं. यावर एक सिद्धान्त मांडला गेला: गुलामांच्या जहाजांवर घाम, उलट्या, जुलाब यांनी माणसं मेली; ज्यांचं शरीर मीठ धरून ठेवत होतं ती वाचली; म्हणून त्यांच्या वंशजांचा रक्तदाब वाढतो. ऐकायला इतका झोकदार सिद्धान्त की टीव्हीवरसुद्धा झळकला. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ मध्ये जहाजांच्या नोंदी तपासून त्याचा पाया पोकळ असल्याचं दाखवलं. मग रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी जे करायला हवं होतं ते केलं. पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि शिकागोजवळचं मेवुड या ठिकाणी एकाच पद्धतीने रक्तदाब मोजला. सगळ्यांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. पश्चिम आफ्रिकेत उच्च रक्तदाबाचं प्रमाण १६ टक्के, कॅरिबियनमध्ये २६, मेवुडमध्ये ३३. पूर्वज तेच, आणि अमेरिकेकडे जावं तसा पारा चढत गेला. वजन आणि मिठाचा त्यात मोठा वाटा होता, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नव्हता.

मग अमेरिकेत नक्की काय आहे? सर्वांत आधी पत्ता.

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठी स्ट्रीटरव्हिल नावाचा भाग आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार तिथलं आयुर्मान साधारण ९० वर्षं. तिथून दक्षिणेला पंधरा किलोमीटरच्या आत एंगलवुड आहे, जवळपास पूर्ण कृष्णवर्णीय. तिथलं आयुर्मान ६० च्या आसपास. एका शहरात, एकाच महापौराखाली, तीस वर्षांचा फरक. त्या वेळी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत इतकी दरी दुसरीकडे कुठे आढळली नव्हती.

अशा वस्त्या आपसूक उगवल्या नाहीत. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने गृहकर्जं वाचवण्यासाठी एक महामंडळ काढलं. त्याने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, निळा ठीक, पिवळा उतरता, लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीय राहत असतील तो भाग जवळपास हमखास लाल. नकाशांनी किती नुकसान केलं आणि नकाशे आधीच झालेल्या नुकसानाचा नुसता आरसा होते का, यावर इतिहासकारांत आज वाद आहे, आणि तो निरर्थक नाही. पण १९३४ मध्ये आलेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाबद्दल वाद नाही. कर्जाला सरकारी हमी द्यायची की नाही हे ते ठरवत असे, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना हमी नाकारणं हे त्याचं लेखी धोरण होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर गोऱ्या कामगाराने उपनगरात हप्त्यावर घर घेतलं, त्याची किंमत वाढली, मुलाचं कॉलेज त्यातून निघालं. कृष्णवर्णीय कामगार भाड्याने राहिला किंवा कागदपत्रांत फसवणाऱ्या दलालांच्या तावडीत सापडला. १९६८ च्या कायद्याने घरांतला भेदभाव बेकायदा ठरवला, तोवर एक पिढी निघून गेली होती. आज मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सहा पट आहे. पगारातला फरक यापेक्षा खूप कमी आहे. मालमत्तेतला फरक आजोबांच्या घरातून येतो.

पुढे महामार्ग आले तेव्हा तेही याच वस्त्यांवरून गेले: सेंट पॉलचं रोंडो, मायामीचं ओव्हरटाउन, न्यू ऑर्लिन्सचा क्लेबोर्न रस्ता. झाडं गेली, डांबर आलं. अमेरिकेतल्या १०८ शहरांच्या अभ्यासात लाल रंगवलेले भाग आजही उन्हाळ्यात इतर भागांपेक्षा सरासरी अडीच अंशांनी जास्त तापतात असं दिसलं.

उष्णता काय करू शकते हे शिकागोने जुलै १९९५ मध्ये पाहिलं. काही दिवसांच्या लाटेत ७३९ माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी दोन शेजारच्या वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल कृष्णवर्णीयांची, साउथ लॉनडेल प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांची. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. पण पहिल्या वस्तीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. साउथ लॉनडेलचे रस्ते दुकानांनी, फेरीवाल्यांनी गजबजलेले असत, म्हातारा माणूस सावलीत, दुकानात, गर्दीत बाहेर पडे. नॉर्थ लॉनडेलमधून कारखाने गेले, मग दुकानं गेली, मग शेजारी गेले. उरलेले म्हातारे गुंडांच्या भीतीने खिडक्या ठोकून घरात बसले. त्या लाटेत पुरुष जास्त गेले, कारण मुलाबाळांशी, शेजाऱ्यांशी धागा तुटलेले पुरुषच जास्त होते. मृत्यूच्या दाखल्यावर अर्थातच ‘उष्माघात’ किंवा ‘हृदयविकार’ असतं. ‘किराणा दुकान बंद पडलं’ असं कारण लिहिण्याची सोय दाखल्यावर नाही.

पुरुषांचा प्रश्न बायकांपेक्षा वेगळा का, तर बंदुकीमुळे आणि तुरुंगामुळे. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय पुरुष सहा-सात टक्के, पण अलीकडच्या वर्षांत खून झालेल्यांत ते जवळपास निम्मे. पंधरा ते चौतीस या वयात त्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण खून हेच आहे. विशीत गेलेल्या मुलामागे एकूण हिशेबातून पन्नास वर्षं वजा होतात, म्हणून आयुर्मानाच्या दरीत खुनांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने मोठा. ‘ते आपापसातच मारतात’ असं म्हणून विषय संपवणारे खूप भेटतात. फिलाडेल्फियातला एक प्रयोग त्यांच्यासाठी आहे. संशोधकांनी शहरातल्या ५४१ ओसाड भूखंडांतून चिठ्ठी टाकावी तसे काही निवडले, कचरा उचलला, गवत लावलं, छोटं लाकडी कुंपण घातलं. बाकीचे तसेच ठेवले. सर्वांत गरीब वस्त्यांत, साफ केलेल्या भूखंडांच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. ना पोलीस वाढवले, ना प्रवचनं दिली.

तुरुंगाची कथा अधिक विचित्र. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक, म्हणजे खड्याच्या रूपातलं कोकेन, विकल्यास किंवा विक्रीसाठी बाळगल्यास पाच वर्षांची सक्तीची शिक्षा ठेवली. भुकटीच्या रूपातल्या कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी पाचशे ग्रॅम लागत. क्रॅकच्या खटल्यांत पकडले जाणारे बहुतांश कृष्णवर्णीय. हे प्रमाण २०१० मध्ये शंभरास एकवरून अठरास एकवर आणलं गेलं, बरोबरीचं तेव्हाही केलं नाही. कोट्यवधी माणसं तुरुंगातून जाऊन आली. आता विचित्र भाग: सरकारच्याच एका अहवालानुसार राज्यांच्या तुरुंगांत असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर त्याच वयाच्या बाहेरच्या कृष्णवर्णीय पुरुषांपेक्षा निम्म्याहून कमी होता. १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कैद्याला उपचार मिळणं हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. बाहेरच्या नागरिकाला तो नाही. आणि सुटका झाल्यावर? वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत माजी कैद्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास तेरापट आढळला. त्यातले बरेच अमली पदार्थांच्या अतिमात्रेने गेले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा गरिबीचाच प्रश्न आहे, रंग कशाला मध्ये आणता? या आक्षेपात तथ्य आहे. अर्थतज्ज्ञ अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी दाखवलं आहे की १९९० नंतर अमेरिकेत रंगाची दरी आकसत गेली आणि पदवी असलेले आणि नसलेले यांच्यातली वाढत गेली. पदवीधर कृष्णवर्णीय आज बिनपदवीच्या गोऱ्यापेक्षा जास्त जगतो. पण पदवीधरांची पदवीधरांशी तुलना केली तर कृष्णवर्णीय मागे राहतोच. आपल्याकडेही हे दिसतं. उत्तर प्रदेश, बिहार अशा नऊ राज्यांच्या २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासात दलितांचं आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून, आदिवासींचं चार वर्षांहून कमी निघालं, आणि आर्थिक स्थितीने त्यातला निम्म्याहून कमी फरक समजावता आला. उरलेला भाग कुठून येतो?

यावर दोन संशोधकांचं काम मला मोलाचं वाटतं. आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलं की सततच्या अपमानाने, धोक्याने, जुळवून घेण्याने शरीर वयाआधी झिजतं. संकट दिसलं की तणावाची संप्रेरकं रक्तात येतात, नाडी आणि रक्तदाब वाढतो. संकट टळलं की शरीर पूर्ववत होतं. पण पोलीस मागे येत आहेत का, दुकानदार पाळतीवर आहे का, मुलाखतीत नाव वाचून तोंड वाकडं झालं का, अशी संकटं टळतच नाहीत, आणि धमन्या त्याची किंमत मोजतात.

दुसरे शर्मन जेम्स. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात त्यांना एक वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटला. बाप वाटेकरी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारा. शाळा दुसरीपर्यंत. स्वतःच लिहायला-वाचायला शिकला. कर्ज काढून पंच्याहत्तर एकर घेतली आणि चाळीस वर्षांचं कर्ज रात्रंदिवस राबून पाच वर्षांत फेडलं. पन्नाशीच्या अखेरीला त्याला जोरदार रक्तदाब, सांधेदुखी आणि असा अल्सर की पोटाचा मोठा भाग कापावा लागला. त्याचं नाव होतं जॉन हेन्री. अमेरिकी लोककथेतल्या जॉन हेन्रीने वाफेच्या यंत्राशी पैज लावून हातोडा चालवला, पैज जिंकली आणि तिथेच प्राण सोडला. जेम्स यांनी अशा झगडण्याचं मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. त्यात दिसलं की जिद्दीने झगडणाऱ्या पण शिक्षण-पैसा नसलेल्या कृष्णवर्णीयांचा रक्तदाब चढतो. तेवढ्याच जिद्दीच्या सुस्थितीतल्या माणसाचा तितका चढत नाही. ‘कष्ट कर, वर येशील’ हे आपण ज्याला सांगतो त्याच्या हाताशी काय आहे ते आधी पाहावं, एवढं यातून नक्की घेता येतं.

आणि मग दवाखाना. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत गावोगावी इस्पितळं बांधायला सरकारी पैसा दिला, पण ‘वेगळी पण समान’ सोय चालेल अशी मुभा ठेवून. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना तळघरातला वॉर्ड मिळे किंवा काहीच नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमधले दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स कोर्टात गेले आणि १९६३ मध्ये जिंकले. पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा आला. १ जुलै १९६६ ला वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना सुरू झाली तेव्हा सरकारने अट घातली: वॉर्ड वेगळे ठेवाल तर पैसे नाहीत. तपासनीस गावोगाव फिरले. काही महिन्यांत हजाराहून अधिक इस्पितळांनी दारं उघडली. मिसिसिपीत पुढच्या चार-पाच वर्षांत कृष्णवर्णीय बालकांचे जुलाब आणि न्यूमोनियाचे मृत्यू झपाट्याने उतरले. त्यासाठी नवी लस आली नव्हती, नवं प्रतिजैविक आलं नव्हतं. मुलांना खाटेवर घेतलं गेलं, इतकंच झालं. पैशाची नस दाबली की शतकभराचा पूर्वग्रह एका उन्हाळ्यात किती मऊ होतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

त्याच काळात अलाबामातल्या मेकन काउंटीत दुसरं काही चालू होतं. १९३२ पासून सरकारी आरोग्य सेवेने टस्कीगीच्या परिसरातल्या सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर ‘अभ्यास’ चालवला होता. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. त्यांना सांगितलं जाई की तुमचं रक्त खराब आहे, आम्ही इलाज करतोय. जेवण मिळे, अंत्यविधीचा खर्च मिळे, बदल्यात शवविच्छेदनाची परवानगी. १९४७ पर्यंत पेनिसिलिन हा सर्वमान्य इलाज झाला. तो त्यांना दिला नाही. १९७२ मध्ये वृत्तसंस्थेने बातमी फोडल्यावरच हे थांबलं. अर्थतज्ज्ञ मार्सेला अल्सान आणि मॅरिअ‍ॅन वानामेकर यांच्या अभ्यासानुसार त्या बातमीनंतर प्रौढ कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरांपासून दूर राहू लागले आणि पंचेचाळिशीच्या पुरुषाचं उरलेलं आयुष्य त्यामुळे दीड वर्षापर्यंत घटलं.

‘ते डॉक्टरकडे जातच नाहीत’ हा ठपका नेहमीचा आहे आणि डॉक्टरांच्या फार सोयीचा आहे. कृष्णवर्णीय पुरुषांची पाठ जशी दवाखान्याकडे, तशी दवाखान्यातल्या यंत्रांची आणि सूत्रांचीही पाठ त्यांच्याकडे होती. किडनी किती चालते हे मोजण्याच्या प्रचलित सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर मुद्दाम वाढवून धरलं जाई. त्यामुळे किडनी कागदावर बरी दिसे आणि प्रत्यारोपणाच्या रांगेत नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये हा रंगाचा गुणक काढून टाकण्याची शिफारस झाली, आणि २०२३ पासून रांगेतल्या चौदा हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांना गेलेला प्रतीक्षाकाळ परत जोडून दिला गेला. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडमध्ये आपल्या घरोघरी आलं. काळ्या त्वचेवर ते प्राणवायू आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची चूक करतं, हेही २०२० मध्येच ठळकपणे समोर आलं.

अल्सान यांनीच ओकलंडमध्ये दुसरा प्रयोग केला. हे तेच ओकलंड, जिथे १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष सुरू झाला. सहा वर्षांनी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी त्याचं नाव घेऊन दलित पँथर उभी केली. बंदुकीच्या फोटोंमुळे विसरलं जातं, पण अमेरिकी पँथरनी वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले होते. अल्सान यांच्या प्रयोगात सुमारे तेराशे कृष्णवर्णीय पुरुष होते. काहींना गोरा किंवा आशियाई डॉक्टर दिला, काहींना कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय डॉक्टरशी बोलल्यावर मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीला तयार होणारे बरेच वाढले. अडचण अशी की डॉक्टर आणायचे कुठून? १९७८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ५४२ कृष्णवर्णीय पुरुष दाखल झाले होते. २०१४ मध्ये ५१५. मधल्या छत्तीस वर्षांत एकूण जागा हजारोंनी वाढल्या होत्या.

म्हणून रोनाल्ड व्हिक्टर या हृदयरोगतज्ज्ञाने डॉक्टरच्या दारात जायचा नादच सोडला. लॉस एंजेलिसमधल्या कृष्णवर्णीयांच्या ५२ केशकर्तनालयांत त्यांनी रक्तदाब वाढलेले ३१९ पुरुष गाठले. न्हाव्याच्या खुर्चीत हे पुरुष वर्षानुवर्षं, दर दोन-तीन आठवड्यांनी येतात आणि तिथे मोकळं बोलतात. अर्ध्या दुकानांत न्हाव्याने ‘राहणी सुधार, डॉक्टरला भेट’ एवढंच सांगायचं. उरलेल्या दुकानांत प्रशिक्षित फार्मासिस्ट यायचा, तिथेच रक्तदाब मोजायचा, तिथेच औषध ठरवायचा, आणि मग रुग्णाच्या डॉक्टरला कळवायचा. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब ९ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा २७ अंकांनी. वर्षभरानेही तो उतार टिकून होता. औषधं अम्लोडिपिनसारखी, जुनी आणि स्वस्त.

फक्त फार्मासिस्टचा पगार संशोधनाच्या निधीतून येत होता. एरवी तो कोणीतरी द्यावा लागतो, आणि गरीब माणसासाठी ते काम सरकारी मेडिकेड विम्याचं. २०१० च्या कायद्याने हा विमा सर्व गरीब प्रौढांपर्यंत पोहोचणार होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राज्यांवर सोडला. २०२४ पर्यंत दहा राज्यांनी नकार कायम ठेवला, त्यांतली बहुतेक दक्षिणेतली, जिथे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. त्यांतल्या एक-दोन सोडून बाकी राज्यांत मूलबाळ नसलेल्या, अपंग नसलेल्या प्रौढ पुरुषाला, तो कितीही गरीब असला तरी, हा विमा मिळत नाही. टस्कीगी ज्या राज्यात आहे ते अलाबामाही या यादीत आहे.